अकरा पाहुणे, दोन दिवस आणि जुनं नाशिक

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं की आता हा रिकामाच आहे. तेव्हापासून पाहुणे आले की त्यांना नाशिक दाखवायचं काम माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर रामकुंडावर कुणाचा दहावा असो, विधी आटपला की मंडळी माझ्याकडे बघायला लागतात. राहायला पंचवटीत, त्यामुळे सुटकाही नाही.

गेल्या डिसेंबरात सोलापूरची आक्का सहकुटुंब आली. आक्का, दाजी, दाजींच्या एक्याऐंशी वर्षांच्या आई, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं, त्यातला सगळ्यात धाकटा चार वर्षांचा. दाजींनी मोबाइलवर एकवीस ठिकाणांची यादी करून आणली होती. "बसवा की दोन दिवसांत," म्हणाले. मी यादी वाचली आणि त्यांच्या आईंच्या गुडघ्यांकडे बघितलं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कुठं जायचं ते मागाहून, आधी कोण किती चढू शकतं ते विचारा. जुनं नाशिक नऊ टेकांवर वसलंय असं म्हणतात. ते खरं वाटत नसेल तर भर दुपारी गोदावरीच्या घाटावरून वर तिवंधा चौकापर्यंत चालत जाऊन बघा. कपालेश्वराला पायऱ्या आहेत, सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसतच आत जावं लागतं आणि पांडवलेणीला दोनशेच्या आसपास पायऱ्या. त्यामुळे माझे तीन गट ठरलेले असतात: सगळीकडे येणारे, निम्म्यापर्यंत येणारे आणि सावलीत बसणारे. तिसऱ्या गटासोबत एक जाणतं माणूस ठेवायचं. आमच्याकडे ते काम आमची ही करते, कारण तिने सगळं शंभर वेळा पाहिलंय.

यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. स्वेटर आणा. शेजारच्या निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो, तो उगाच नाही. मे महिन्यात येणं भागच असेल तर प्रत्येकाचे जुने पायमोजे पिशवीत टाका. देवळांच्या दगडी फरशीवर दुपारी बाराला अनवाणी चालताना माणूस देवाचं नाव आपोआप घेतो. आणि सिंहस्थाच्या पर्वण्यांना, म्हणजे येत्या २०२६-२७ च्या कुंभमेळ्यात, स्नानाला या, पण पोराबाळांना शहर दाखवायला म्हणून येऊ नका. तेव्हा शहर दिसत नाही, माणसंच दिसतात.

रेल्वेने आलात तर नाशिकरोडला उतराल. तिथे उतरलं म्हणजे नाशिक आलं असं नाही, जुनं गाव अजून नऊ-दहा किलोमीटर पुढे. शालिमारकडे आणि सीबीएसकडे, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडकडे, सिटी बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. स्वतःची गाडी असेल तर ती गौरी पटांगणाच्या बाजूला लावून विसरून जा. आक्काच्या थोरल्याने माझं न ऐकता मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवला आणि सात माणसांची गाडी एका गल्लीत घातली. पुढे बैलगाडीपुरतीच वाट. मागे भाजीची हातगाडी, तिच्यामागे रिक्षा. पाऊण तासाने गाडी उलटी बाहेर आली तेव्हा अर्ध्या गल्लीशी आमची ओळख झाली होती.

पहिला दिवस नदीचा. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की पाहुणे दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सकाळी सातपर्यंत रामकुंडावर पोचा. त्यानंतर गर्दी वाढते आणि ऊनही. इथे अस्थिविसर्जनाला लांबून लोक येतात, महात्मा गांधींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. तेव्हा कुणी मुंडन करत असेल, कुणी रडत असेल, त्यांच्याकडे मोबाइल रोखू नका. पोरांना हे घरीच समजावून आणा.

आता एक गोष्ट, जी दाजींच्या यादीत नव्हती. इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी इथे येऊन विधी करून गेलं असेल तर त्याचं नाव, गाव, सोबत कोण होतं, सगळं त्यात लिहिलेलं सापडू शकतं. कुठल्या गावाच्या, कुठल्या आडनावाच्या वह्या कोणत्या घराण्याकडे, ते वाटलेलं असतं. घाटावर दोघा-तिघांना विचारलं की पत्ता लागतो. दाजींना मी घरूनच मूळ गाव, आजोबा-पणजोबांची नावं लिहून आणायला लावली होती. आजचा पत्ता इथे कामाचा नाही, घराणं कुठून आलं ते गाव लागतं. ते माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा.

गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबट वही काढली, बोट फिरवत चार पानं मागे गेले, दोन पुढे आले आणि थांबले. मोडीतल्या तीन ओळी. दाजींना वाचता येईना, गुरुजींनी वाचून दाखवल्या. दाजींचे आजोबा, त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन आलेले, सोबत धाकटा भाऊ. या भावाचं नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. दाजींच्या आई मात्र हळूच म्हणाल्या, "होता एक. पुढे घर सोडून गेला म्हणे." मग वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. थोरल्या नातीने खाली आपल्या हाताने सगळ्यांची नावं लिहिली, चार वर्षांच्या बाळूचं सुद्धा. दक्षिणेचं मात्र बसायच्या आधी स्पष्ट बोलून घ्या. नंतर बोलायला गेलं की दोन्हीकडे अवघडल्यासारखं होतं.

त्या दिवशी तिथेच साडेआठ वाजले. मी यादीतली चार नावं मनातल्या मनात खोडली.

रामकुंडासमोर वर कपालेश्वर. महादेवाचं देऊळ, पण समोर नंदी नाही. पोरांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या काय नाही ते. बाळूच्या बहिणीने दोन मिनिटांत ओळखलं. कथा अशी सांगतात की ब्रह्महत्येच्या पापातून सुटायची वाट शंकराला नंदीनेच दाखवली, इथे स्नान करायला सांगितलं. म्हणून तो गुरू झाला, आणि गुरूला समोर कसं बसवायचं?

खाली नारोशंकराचं देऊळ, खरं नाव रामेश्वर. १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. लोक शिखराचा फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही नदीकडच्या दरवाजावरची घंटा बघा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयातली ही घंटा, तिच्यावर १७२१ हे साल आहे. चर्चची घंटा शंकराच्या दारावर. पुढे नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात कुणाचाही फोन आला तर पहिला प्रश्न, "मारुतीच्या कुठपर्यंत?" गुडघ्यापर्यंत असेल तर चहा घ्यायचा. छातीपर्यंत गेलं की घाटावरचे दुकानदार सामान हलवतात. गळ्याशी आलं की भांडीबाजार जागा राहतो. आणि पाणी घंटेला लागलं तर महापूर. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात.

पंचवटीत काळाराम आणि सीतागुंफा एकमेकांच्या जवळ आहेत. गुंफेत दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गुडघेवाल्यांनी जाऊ नये. बाहेरचे वड बघत बसावं, पाचही मोजून होतात. काळारामाचं देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलं, दगड रामशेजचा असं सांगतात. ओवऱ्यांत बसायला सावली आहे, म्हणून मोठ्या माणसांना इथेच विसावू द्या. पण पोरांना आत नेण्याआधी दरवाजाशी थांबवा आणि सांगा की २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड पुढे होते, आणि माणसांना देवळात शिरता यावं एवढ्यासाठी तो पाच वर्षं चालला. थोरली नात आठवीत आहे. तिने विचारलं, "मामाआजोबा, दरवाजे बंद कुणी केले होते?" असे प्रश्न पोरं विचारतात, उत्तर टाळू नका. मी सांगितलं, आपल्यासारख्यांनीच.

चपलांचं बघा. एका देवळाबाहेर दाजींच्या नव्या कोऱ्या सँडल गेल्या. तेव्हापासून मी सगळ्यांच्या चपला एका पोत्यात भरतो आणि पोतं तिसऱ्या गटाच्या ताब्यात देतो. तो गट रिकामा बसल्याची तक्रारही मग करत नाही.

नाश्त्याला मिसळ. आमच्या मिसळीचा काळा रस्सा वेगळा असतो, सोबत पापड, कुठे कुठे दही. तिखट न खाणाऱ्यांसाठी रस्सा वेगळ्या वाटीत मागा, देतात. जिलेबी खायची तर बुधा हलवाईची. दुपारी मात्र बाहेर जड जेवण नको. अकरा माणसांनी भरल्या पोटी दुपारी काही बघितलंय असं मी अजून पाहिलेलं नाही. घरी किंवा खोलीवर जा, वरणभात खा, पंखा लावा, चार वाजेपर्यंत पडा.

संध्याकाळी रामसेतू पूल ओलांडून पलीकडच्या तीरावर. इथे ठिकाणांची नावं विसरा आणि नुसतं चाला. भांडीबाजारात पितळेचे हंडे, समया, ताम्हणं दुकानाबाहेर टांगलेली असतात. सुनांना इथे एक तास द्या. घासाघीस होणारच, ते धरून चला. सराफ बाजारात सरकारवाडा आहे, पेशवाईतला. लाकडी खांबांची कोरीव कामं बघा, उघडा असेल तर आत जा. नानासाहेब पेशव्यांच्या मागे त्यांच्या पत्नी गोपिकाबाई नाशिकातच येऊन राहिल्या होत्या, ते इथे सांगायला बरं पडतं.

मग जुनी तांबट गल्ली आणि तिवंधा चौक. इथे मी बाळूला रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि पाय आपटायला सांगितलं. "तुझ्या पायाखाली काय आहे?" "रस्ता." "रस्त्याच्या खाली?" खाली रहाड आहे. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर वरून बंद असतात, त्यांच्यावरून स्कूटर जातात, भाजीवाले बसतात. नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. त्याआधी रहाड उकरतात, साफ करतात, पूजा होते, पाणी भरून रंग कालवतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग तरणी पोरं उंचावरून पाण्यात अंग टाकतात, त्याला धप्पा मारणं म्हणतात. धप्पा असा बसतो की पलीकडच्या ओट्यावर उभा असलेलाही भिजतो आणि रंग दोन-तीन दिवस अंगावरून जात नाही. लहानपणी मी मारलेत. बाळूने अजून चार वेळा पाय आपटून बघितला. दाजींच्या यादीत रहाडीचं नाव नव्हतं. असणार कसं, दिसत नाही ना.

पलीकडेच विजयानंद थिएटरचा भाग. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या इथल्या नाट्यगृहात. पुढे मेनरोडला आलात की रिक्षा मिळेल. अंधार पडायच्या आत रामकुंडावर परतायला जमलं तर गोदावरीची आरती बघा. आमची हुकली, भांडीबाजारात ताम्हणाच्या भावात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी. उन्हं चढायच्या आत वर पोचलं पाहिजे, म्हणून साडेसातला घर सोडा. मुंबई-आग्रा महामार्गावर, गावापासून आठ किलोमीटर. नाव पांडवांचं, पण पांडवांचा संबंध काही नाही, ही बौद्ध भिक्खूंची लेणी, डोंगराचं नाव त्रिरश्मी. तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या पोरांना माफ. हाफ तिकिटाचा हिशेब करायची माझी सवय अजून जात नाही. वर खायला काही नेऊ नका, पाणी मात्र माणशी एक बाटली. पायथ्याला बुद्धस्मारकाचा मोठा घुमट आहे, आत शांत आणि गार. दाजींच्या आई आणि आमची ही तिथे बसल्या. शेजारीच दादासाहेब फाळक्यांचं स्मारक.

लेणी चोवीस. सगळी बघायचा हट्ट धरू नका, बहुतेक राहायच्या खोल्या आहेत आणि पाचवीनंतर पोरं कंटाळतात. तीन नीट बघा: तिसरं, दहावं, अठरावं.

तिसऱ्या लेण्यात ओसरीच्या बाहेर खाली बघा. सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून निम्मे वर आलेत, जणू सगळं लेणं त्यांच्या खांद्यावर. आत गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर नातवाच्या राज्यात तिने तो कोरून घेतला. त्यात मुलाबद्दल म्हटलंय की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आक्का ऐकून म्हणाली, "आई ती. जास्तच सांगणार."

दहावं लेणं उषवदाताचं. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. इथल्या ओसरीतला लेख दाजींसाठी मी राखून ठेवला होता, कारण दाजींचा जन्म मागावर गेलाय, सोलापुरी चादरीच्या कारखान्यात. लेखात असं आहे की उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, भिक्खूंसाठी ठेव म्हणून ठेवले, आणि ठेवले कुणाकडे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक टक्का. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्का. दोन हजारांच्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, द्यायची. आणि अट, मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडला आहे.

धाकटा भाचा पतसंस्थेत आहे. तो लगेच म्हणाला, "वर्षाला बारा टक्के? मामा, कुठली पतसंस्था ही?" दाजी काही बोलले नाहीत. भिंतीपाशी जाऊन त्या ब्राह्मी अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "विणकरांवर राजाचा जावई विश्वास ठेवत होता म्हणायचा." तुमच्या कुटुंबात कोण काय काम करतं ते आधी आठवा आणि त्याच्या कामाचं एक तरी इथे शोधून ठेवा. लेणी मग कुणाला कंटाळवाणी होत नाहीत. पोरांना भिंतीला हात मात्र लावू देऊ नका.

अठरावं चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन. दारावरच्या कमानीत एक लेख आहे, "नासिककनं धंभिक गामस दानं". नाशिककरांनी दान दिलं, असं दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेलं. हे वाचून दाखवताना माझा आवाज जरा चढतो असं आमची ही म्हणते.

खाली उतरेपर्यंत साडेदहा-अकरा. इथे बरेच जण त्र्यंबकेश्वर उरकून घ्यायचा मोह धरतात. धरू नका. दर्शनाच्या रांगेत किती तास जातील याचा भरवसा नाही आणि रांगेत चार वर्षांचं पोर म्हणजे शिक्षा आहे. त्र्यंबकला स्वतंत्र दिवस द्या, पहाटेची गाडी धरा. वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, उषवदाताचे कार्षापण ज्यांच्या डोक्यात बसलेत त्यांनी तिथे जरूर थांबावं. द्राक्षांच्या वाईनऱ्या गंगापूर धरणाच्या बाजूला आहेत. थोरल्या भाच्याला तिकडे जायचं होतं, आजीसमोर विषय काढायची हिंमत झाली नाही. त्याने पुढल्या वेळी एकट्याने यावं.

परतीची गाडी नाशिकरोडहून असेल तर दोन तास आधी निघून मुक्तिधाम बघा. पांढऱ्या संगमरवराचं देऊळ, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, आत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. गुडघ्यांना त्रास नाही, स्टेशनही जवळ. दाजींच्या आईंना दोन दिवसांत सगळ्यात जास्त हेच आवडलं. एकाच छताखाली बाराही झाली, म्हणाल्या.

चिवडा घेतल्याशिवाय कुणी जात नाही. कोंडाजीचा घ्या, आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, सुट्टीत शेवटच्या क्षणी रांग असते. पिशवी बर्थखाली बॅगांच्या मध्ये कोंबू नका, हातात ठेवा. आक्काने कोंबली. दौंड यायच्या आत पोह्यांचा भुगा झाला होता, रात्री फोन करून सांगत होती.